मुंबईत वीज ‘आली’ कधी? ठिणगी, प्रवाह आणि एक चुकलेला प्रश्न

दर वर्षी ७ मे जवळ आला, की मुंबईच्या पहिल्या विजेच्या ट्रामची जुनी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागतात आणि त्यांच्याखाली तोच वाद रंगतो. मुंबईत वीज आली कधी? कोणी म्हणतो १८८२, कारण त्या वर्षी क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. कोणी म्हणतो १९०५, कारण वाडी बंदरचे वीजघर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झाले. टाटांच्या अभिमान्यांचे उत्तर १९१५ असते, कारण खोपोलीची जलविद्युत त्या वर्षी परळला पोहोचली. तिन्ही वर्षे खरी आहेत. माझ्या मते खोटा आहे तो प्रश्न. हा धागा थोडा लांबेल, कारण प्रश्न का खोटा आहे हे कळण्यासाठी आधी ठिणगी आणि प्रवाह यांतला भेद नीट समजावून घ्यावा लागेल. आपल्यापैकी बहुतेकांनी तो आठवीच्या पुस्तकात वाचला, परीक्षेत लिहिला आणि विसरला.

प्रारंभ तृणमणीपासून करू. वृक्षांचा डिंक लक्षावधी वर्षे भूगर्भात राहून कठीण झाला, की जो पिवळसर खडा होतो, त्याला आपण अंबर म्हणतो. संस्कृतात त्याचे नाव तृणमणी, म्हणजे तृण खेचून घेणारा मणी. फारसीत तोच काहरुबा, म्हणजे गवत पळवणारा. ग्रीक त्याला एलेक्ट्रॉन म्हणत आणि युरोपीय भाषांतील विजेचे नाव त्यावरूनच पडले. तीन दूरदूरच्या संस्कृतींनी एकाच खड्याचा एकच गुण टिपला होता: लोकरीवर घासला, की तो काडीकचरा ओढतो. गिरगावातल्या चाळीत जानेवारीच्या एखाद्या कोरड्या सकाळी प्लास्टिकचा कंगवा केसांतून फिरवून कागदाचे कपटे उचलणारे मूल हाच प्रयोग करीत असते.

घासल्यावर घडते ते असे. एका वस्तूवरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्या वस्तूवर जातात. एकीकडे त्यांची गर्दी होते, दुसरीकडे तूट पडते. प्लास्टिक, काच, लोकर यांतून इलेक्ट्रॉनांना सहज वाट नसते, म्हणून ते साचून राहतात. हा साचलेला भार म्हणजे स्थितिक विद्युत. वाट मिळाली, की तो एका क्षणात निघून जातो, ठिणगी पडते आणि खेळ संपतो. मुंबईकरांना हा अनुभव तसा दुर्मीळच. दिल्लीच्या थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना होणारी चटचट परळला क्वचित ऐकू येते, कारण येथील दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि भार साचण्यापूर्वीच त्यातून पाझरून जातो.

आता आकडे पाहू. अंगावर साचलेल्या अशा भाराचा दाब सहज दहा हजार व्होल्टपर्यंत जातो. आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. तरीही त्या दहा हजार व्होल्टच्या ठिणगीने आपण नुसते दचकतो आणि २३० व्होल्टच्या तारेने माणूस मरतो. असे का? कारण दाब किती यापेक्षा भार किती आणि तो किती वेळ वाहत राहतो याला महत्त्व आहे. त्या ठिणगीतून जाणारा भार कूलोमच्या दशलक्षांश भागाएवढा असतो. साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या दिव्यातून दर सेकंदाला साधारण पाव कूलोम भार जातो. म्हणजे तो एक दिवा एक सेकंद पेटता ठेवायचा, तर तसल्या सुमारे अडीच लाख ठिणग्या लागतील. पुढच्या सेकंदाला आणखी अडीच लाख. प्रवाह म्हणजे हे अखंड भरून येणे. कोणीतरी, कोठेतरी, सतत ढकलत राहिले पाहिजे. हा ‘कोणीतरी, कोठेतरी’ पुढे पुन्हा येणार आहे.

अठराव्या शतकाला ही सततता माहीत नव्हती. तेव्हाची सारी वीज साचवायची आणि सोडून द्यायची. १७४५-४६ च्या सुमारास लेडनची बरणी निघाली. काचेच्या बरणीत भार साठवायचा आणि मग एकदम मोकळा करायचा. फ्रान्समध्ये नोले नावाच्या पाद्रीबुवांनी १८० सैनिकांना हातात हात देऊन उभे केले आणि बरणीचा झटका देऊन राजासमोर सर्वांना एकाच वेळी उडवून दाखवले. दरबारात हशा पिकला असेल, पण त्या विजेने एक चाकही फिरत नव्हते. मग १८०० साली व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद, अशी चळत रचली आणि पहिल्यांदा मानवाच्या हाती न थांबणारी वीज आली. ठिणगीच्या मानाने दाब अगदी किरकोळ. मात्र ती वाहत राहिली.

यानंतरचा वाद इतिहासप्रेमींनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. घर्षणाची वीज आणि व्होल्टाच्या चळतीची वीज या एकच की दोन वेगळ्या? बरेच जाणकार साशंक होते. १८३३ मध्ये मायकेल फॅराडेने या प्रश्नाचा निकाल लावला आणि त्याची एक युक्ती मला फार आवडते. घर्षणयंत्रातला भार इतक्या झपाट्याने सुटे, की मोजमापाच्या चुंबकसुईला हलायला सवड मिळत नसे. फॅराडेने वाटेत एक ओला दोरा बांधला. ओल्या दोऱ्यातून भार सावकाश झिरपू लागला आणि सुई वळली, व्होल्टाच्या विजेने वळते तशीच. परतीच्या वाटेसाठी त्याने तार घरातल्या गॅसच्या नळांना जोडली होती, म्हणजे लंडनची नळव्यवस्थाच प्रयोगात सामील करून घेतली होती.

त्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘विजेचे दोन प्रकार’ हा मथळा मला खटकतो. प्रकार एकच, अवस्था दोन. तळ्यातले आणि पाटातले पाणी यांना आपण पाण्याचे दोन प्रकार म्हणत नाही.

अवस्थांतला भेद मात्र खराखुरा आहे. साचलेला भार कितीही मोठा असो, स्वस्थ बसलेला असेल तर होकायंत्राच्या सुईला त्याची चुंबकीय दखल घ्यावी लागत नाही. भार वाहू लागला, की त्याच्या वाटेभोवती चुंबकत्व निर्माण होते. हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले. या एका वाक्याने मुंबईतली एक संपूर्ण संस्था समुद्रापलीकडे नेली आणि ती कहाणी ट्रामच्या छायाचित्रांखाली जवळजवळ कधीच सांगितली जात नाही.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. किती नेटाने, याचा पुरावा २ सप्टेंबर १८५९ चा आहे. त्या वेळी सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांच्या तारांत आपोआप प्रवाह वाहू लागले आणि कुलाब्याच्या सुयांनी तो हादरा टिपला. त्या वादळाची तीव्रता अजमावताना आजचे संशोधक कुलाब्याच्या त्याच नोंदींकडे वळतात.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे घाटू लागले. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ पासून धावत होती आणि तिच्याबद्दल वेधशाळेची काही तक्रार नव्हती. विजेच्या ट्रामची गोष्ट वेगळी. तिला डोक्यावर एकच तार असते. त्या तारेतून आलेला प्रवाह मोटारीतून जातो, चाकांत उतरतो आणि रुळांतून वीजघराकडे परततो. रूळ जमिनीवरच असल्यामुळे काही प्रवाह वाट सोडून जमिनीत शिरतो आणि ओलसर मातीतून, नळांतून भटकत परत जातो. रस्त्याखालच्या या भटक्या प्रवाहापुढे कुलाब्याच्या नाजूक सुयांना पृथ्वीचे म्हणणे ऐकू येणे शक्य नव्हते.

तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी वाट पाहिली नाही. १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. लोखंड कटाक्षाने टाळून, पोरबंदरी दगडात. सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका बिनचूक जोडता यावी. मग कुलाब्याच्या सुया थांबल्या. विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. प्रवाह शहरात येण्याआधीच विज्ञानाने आपले बिऱ्हाड हलवले होते. भविष्याचा एवढा अचूक अंदाज आणि त्यानुसार एवढी शांत तयारी आपल्या शहराच्या इतिहासात फारशी आढळत नाही. ट्रामचे कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात मूस यांना एक ओळ मिळायला हवी.

या प्रसंगातून प्रवाहाचा दुसरा धर्म कळतो आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. ठिणगीला एक टोक पुरते. प्रवाहाला परतीची वाट लागते. वीजघरापासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून वीजघरापर्यंत मंडल पूर्ण असेल तरच वीज वाहते. जाणारी वाट खांबांवर दिमाखात दिसते, परतणारी पायांखाली असते. आपण छायाचित्रे काढतो ती पहिलीची.

आता वर्षांच्या वादाकडे परतू. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उजळले हे खरे. पुढल्या वर्षी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी नगरपालिकेचा करारही झाला. पण त्यानंतर वर्षभरातच कंपनी बुडाली आणि मार्केटात पुन्हा गॅसचे दिवे लागले. शहराला तो धूरकट गॅस आणखी बरीच वर्षे पुरला. लालबागला गॅस कंपनीचे नाव गल्लीला चिकटून राहिले आहे. तेव्हा १८८२ ची वीज भौतिकशास्त्राच्या दृष्टीने प्रवाहच होती, पण इतिहासाच्या दृष्टीने ती ठिणगी ठरली. चमकली आणि विझली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची पूर्वज, उभी राहिली. वाडी बंदरच्या ४,३०० किलोवॉटच्या वीजघरानंतर मात्र खंड पडला नाही. सततता हाच निकष असेल, तर १९०५ चे पारडे जड आहे, हे मी मान्य करतो.

पण सततता कोणासाठी? येथे परळ-लालबागला जावे लागते.

गिरणगावाची विजेशी ओळख कंपनीच्या तारेपूर्वीची, आणि ती स्थितिक विजेशी होती. कापसाचे तंतू यंत्राच्या दातांतून, रुळांमधून ओढले जातात तेव्हा घासले जातात आणि भारित होतात. सारख्याच भाराचे तंतू एकमेकांना दूर लोटतात, सूत पिंजारते, तंतू रुळाला चिकटून गुंडाळी होते, धागा तुटतो. उपाय एकच, दमटपणा. समुद्राकाठची दमट हवा सूतगिरण्यांना मानवते ती याचमुळे, मग ते लँकेशायर असो वा लालबाग. कोरड्या दिवसांत खात्यात वाफ सोडून ती ओल आणावी लागे. यंत्राला सोसेल ती हवा माणसाला सोसावी लागते हा गिरणीचा नियम होता. जुन्या गिरणी कामगारांना भेटाल तेव्हा सूतखात्यातल्या उकाड्याविषयी जरूर विचारा.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्यांपैकी आठवड्याच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. दुसरी एक मागणी मला आज अधिक बोलकी वाटते: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. कामगाराच्या दिवसाची सीमा तेव्हा आकाशात होती. कापसाच्या फुफाट्यात उघड्या ज्योतीचा धोका असे, त्यामुळे अंधार हा कामगाराचा एक प्रकारे कैवारीच होता.

ही सीमा विजेच्या दिव्याने पुसली. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली आणि गिरण्यांमध्ये विजेचे दिवे लागू लागले. वाडी बंदरच्या तारेची वाट त्यांनी पाहिली नाही, गिरणीतल्या इंजिनावर डायनामो फिरवला, की पुरे. चौदा, काही ठिकाणी पंधरा तासांपर्यंत साचे चालू लागले. त्याच वर्षी कामगारांनी या लांबलेल्या दिवसाविरुद्ध संप केले. पुढे समिती झाली, आयोग झाला आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. बारा तास, आणि तेही मोठ्या सुधारणेचे म्हणून! न थांबणारी वीज हाती आल्यावर थांबण्याची वेळ कायद्याला ठरवावी लागली, कारण ती ठरवणारा सूर्यास्त आता निरुपयोगी झाला होता.

एखादा मित्र म्हणेल, की विजेचे सांगता सांगता तुम्ही कामगार चळवळीत कसे शिरलात? मला तो विषयांतराचा आरोप मान्य नाही. ठिणगीने कोणाची पाळी लांबत नाही. पाळी लांबली ती प्रवाहाच्या नेमक्या त्या गुणामुळे, ज्याची व्याख्या आपण आठवीत पाठ केली.

राहिला १९१५ चा दावा. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी अडवायचे, नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खोल खोपोलीला सोडायचे, चक्रे फिरवायची आणि वीज एक लाख व्होल्ट दाबाने सुमारे ७० किलोमीटर दूर मुंबईला पाठवायची. योजना भव्य होती यात शंका नाही. आकडा लक्षात घ्या, एक लाख व्होल्ट. ठिणगीलाही लाजवील असा दाब आणि तोही न खंडणारा. उच्च दाब म्हणजे स्थितिक, कमी दाब म्हणजे प्रवाह हा गोड गैरसमज येथे गळून पडतो.

गंमत अशी, की खोपोलीहून परळला एकही इलेक्ट्रॉन आला नाही. प्रत्यावर्ती प्रवाहात इलेक्ट्रॉन जागच्या जागी पुढे-मागे हिंदकळतात, आपल्या आजच्या घरगुती विजेत सेकंदाला ५० वेळा. शिवाय वाटेतल्या रोहित्रांत एका तारेचा दुसऱ्या तारेला स्पर्शही नसतो. साध्या एकदिश प्रवाहातही इलेक्ट्रॉनांची चाल गोगलगाईला हिणवण्याजोगी असते. बटण दाबताच दिवा लागतो, कारण रेटा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पोहोचतो. गर्दीच्या लोकलमध्ये मागून आलेला धक्का दारापर्यंत क्षणात जातो आणि धक्का देणारा माणूस मात्र जागेवरच असतो, तसे. म्हणून ‘मुंबईत वीज आली’ हे वाक्य शब्दशः तपासले तर टिकत नाही. आले ते बळ. ते कोठेतरी कोणीतरी लावले होते.

कोठे? प्रथम खोपोली, मग १९२२ मध्ये भिवपुरी, मग १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याची चक्रे फिरावीत म्हणून मुळशी पेट्यातील गावे, भाताची खाचरे, देवळे पाण्याखाली गेली. १९२१ मध्ये तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला, आणि तीन वर्षांनी तो लढा मोडला. धरण झाले. परळच्या साच्यांपासून मुळशीच्या खाचरांपर्यंत ते एकच मंडल होते. परतीची वाट पायांखाली असते, असे मी वर म्हटले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर केवळ ट्रामचे रूळ नव्हते.

म्हणून माझी तक्रार इतिहास लिहिणाऱ्या तरुण मित्रांकडे आहे, आणि तीत मीही आलो. आपला ‘पहिला दिवा’, ‘पहिली ट्राम’, ‘पहिली गाडी’ यांचा छंद ठिणग्या गोळा करण्याचा छंद आहे. पुढच्या वेळी ७ मेचे छायाचित्र टाकाल तेव्हा त्याखाली एवढे जरूर लिहा: त्या दिवशी वीजघरात कोळसा कोण ओढत होता, रुळांतून निसटलेला प्रवाह कोठे जात होता, आणि रात्री दिवा लागला म्हणून कोणाला घरी जायला उशीर झाला. सगळ्याची उत्तरे मिळणार नाहीत. प्रश्न तरी नीट विचारला जाईल.

जाता जाता ट्रामविषयी. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, माणसांनी ओसंडून. दादरच्या चौकाच्या नावात ती ‘टी. टी.’ म्हणून राहिली आहे. तेथून बस पकडणाऱ्या किती जणांना ही अक्षरे ट्राम टर्मिनसची आहेत हे ठाऊक असेल, कोण जाणे. ट्रामप्रमाणेच एकदिश प्रवाहावर चालणारी १,५०० व्होल्टची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला हार्बरच्या मार्गाने धावली होती. त्याच मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये एकदिश प्रवाहाची शेवटची लोकल धावली आणि तारांत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. अलिबागच्या सुया तोवर एकशे बारा वर्षे पलीकडच्या किनाऱ्यावर आपल्या नोंदी करीत होत्या.